शुगरची फाईल घेऊन डॉक्टरांकडे जाण्याआधी

मधुमेह असलेल्या माणसाला डॉक्टरांसमोर बसायला वर्षभरात किती वेळ मिळतो? दर तीन महिन्यांनी एक फेरी आणि प्रत्येक फेरीत दहा मिनिटं धरली, तरी सगळी मिळून चाळीस मिनिटं होतात. प्रत्यक्षात तेवढीही मिळत नाहीत. २०१७ साली ६७ देशांमधल्या प्राथमिक आरोग्यसेवेच्या नोंदी एकत्र करून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात स्वीडनमधल्या डॉक्टरांचा एका रुग्णामागे सरासरी वेळ साडेबावीस मिनिटं होता, बांगलादेशात ४८ सेकंद आणि भारतात साधारण दोन मिनिटं. दुसरीकडे, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींच्या वर आहे. यातल्या बहुतेकांचा मधुमेहतज्ज्ञांशी फारसा संबंध येत नाही. त्यांची शुगर सांभाळतात ते गल्लीतले फॅमिली डॉक्टर, प्राथमिक आरोग्य केंद्रातले वैद्यकीय अधिकारी किंवा महापालिकेचा दवाखाना.

बाहेर पन्नास माणसं नंबर लावून बसलेली असताना डॉक्टरांचा वेळ वाढवणं आपल्या हातात नाही. त्या दोन मिनिटांत त्यांच्यासमोर काय ठेवायचं, हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. रिपोर्टमध्ये आकडा असतो, पण तो आकडा तसा का आला हे घरातल्या माणसालाच ठाऊक असतं. औषधाचा डोस ठरतो तो या दोन्हींवरून. कारण चुकीचं कळलं, की डोसही चुकतो.

आधी सुटलेल्या गोळ्यांबद्दल

तयारीतला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि सगळ्यात जास्त लपवला जाणाराही हाच, म्हणून त्यापासूनच सुरुवात करते.

समजा, एका काकूंना सकाळ-संध्याकाळ मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू आहे. सकाळची गोळी चहा-नाश्त्याबरोबर आठवणीने घेतली जाते. रात्री सगळ्यांना वाढून, ओटा आवरून त्या जेवतात तोवर साडेदहा वाजलेले असतात आणि आठवड्यातून तीन-चार वेळा गोळी राहून जाते. तपासणीत एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारा आकडा, ८.६ येतो. डॉक्टर विचारतात, "औषधं वेळेवर चालू आहेत ना?" काकू म्हणतात, "हो डॉक्टर, अगदी वेळेवर." डॉक्टरांना दिसतं ते असं, की औषध पूर्ण घेऊनही शुगर आवाक्यात नाही. म्हणून ते ग्लिमेपिराइड ही आणखी एक गोळी वाढवून देतात. त्यांनी जे ऐकलं त्यावरून हा निर्णय बरोबरच आहे.

पुढच्या महिन्यात लेक माहेरपणाला येते. ती आईच्या सगळ्या गोळ्या डब्यात वारांप्रमाणे लावून देते आणि समोर उभी राहून घ्यायला लावते. चौथ्या रात्री तीन वाजता काकू घामाने भिजून उठतात. हात थरथरताहेत, छातीत धडधडतंय. ग्लुकोमीटरवर शुगर ५८.

ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारखी गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. त्यामुळे लपवलेल्या चुकांच्या हिशोबाने वाढवलेला डोस सगळ्या गोळ्या नियमित सुरू झाल्या, की भारी पडतो. म्हातारपणात तर अशी घसरलेली शुगर माणसाला पाडते आणि खुब्याचं हाड मोडतं.

खरं न सांगण्यामागे भीती असते ती बोलणी खाण्याची. काही डॉक्टर रागावतात, हे खरं आहे. पण वाक्य जरा वेगळं मांडलं तर चित्र बदलतं. "डॉक्टर, रात्रीची गोळी आठवड्यातून तीन-चारदा राहते, मला जेवायला उशीर होतो. सकाळीच घेता येईल असं काही आहे का?" याला डॉक्टरांकडे उत्तर असतं. काही गोळ्यांचा हळूहळू विरघळणारा प्रकार मिळतो आणि तो दिवसातून एकदाच घ्यावा लागतो. "गोळीने पोट बिघडतं, पातळ होतं, म्हणून मीच बंद केली," असं सांगितलंत तर डोस हळूहळू वाढवता येतो आणि गोळी जेवणाबरोबर घ्यायला सांगता येते. आणि "महिन्याचा खर्च झेपत नाही, म्हणून एक दिवसाआड घेतो," हे तर नक्की सांगा. त्यात कमीपणा काही नाही. स्वस्त जेनेरिक औषध लिहून देता येतं, जनऔषधी केंद्राचा रस्ता दाखवता येतो, आणि मेटफॉर्मिनसारखी नेहमीची औषधं सरकारी दवाखान्यातून मोफत मिळू शकतात. कारण कळलं तरच उपाय सापडतो. नुसतं "हो, वेळेवर" ऐकल्यावर डॉक्टरांच्या हातात डोस वाढवण्यापलीकडे काही उरत नाही.

औषधं तोंडी सांगू नका, पिशवी न्या

"ती पांढरी, लांबट गोळी" यावरून कुणालाच काही कळत नाही. मधुमेहाच्या बऱ्याच गोळ्या पांढऱ्या असतात. घरातली सगळी औषधं पाकिटांसकट एका पिशवीत भरा आणि टेबलावर ठेवा. पाकीट अर्धवट कापलेलं असेल तर नाव आणि तारीख नसलेला तुकडाच हातात राहतो, तेव्हा शेवटची गोळी संपेपर्यंत नावाची बाजू जपून ठेवा.

एकदा ही पाकिटं नीट वाचून पाहा. ब्रँडच्या नावापुढे एम १, एम २ असं काही लिहिलेलं असतं. बऱ्याचदा त्याचा अर्थ एकाच गोळीत दोन औषधं आहेत असा असतो, आणि १ किंवा २ हा आकडा ग्लिमेपिराइडचे मिलिग्रॅम सांगतो. दुकानदाराने एकच्या जागी दोन दिली, तर डोस गुपचूप दुप्पट झालेला असतो. दुसरा घोळ होतो दोन डॉक्टरांमुळे. फॅमिली डॉक्टरांनी एका ब्रँडची गोळी दिलेली असते, हृदयाच्या डॉक्टरांनी दुसऱ्या ब्रँडची, आणि दोन्हींत आतलं औषध तेच असतं. नावं वेगळी असल्याने घरात कुणाच्या लक्षात येत नाही. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचणारं कुणीतरी एकदा शेजारी बसलं, की हे सापडतं.

पिशवीत मधुमेहाशी संबंध नाही असं वाटणारंही सगळं टाका. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी घेतलेलं स्टेरॉइड शुगर एकदम वर नेतं. आणि काढे, चूर्णं, कारल्याचा रस, मेथीचं पाणी. ते घेताय म्हणून कुणी रागावेल या भीतीने लपवू नका. डॉक्टरांना फक्त एवढंच कळायला हवं, की शुगर कशाकशाने वरखाली होते आहे.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी बाटली आणि सिरिंज दोन्ही न्यावीत, असा माझा आग्रह आहे. आपल्याकडे बाटलीत मिळणारं इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं. त्याला लाल टोपणाची सिरिंज लागते. पेनमधलं इन्सुलिन १०० युनिटचं असतं आणि १०० युनिटच्या सिरिंजला केशरी टोपण असतं. आता ४० च्या बाटलीतून केशरी टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत औषध भरलं, तर अंगात जातात फक्त ८ युनिट. उलटी गल्लत झाली, म्हणजे १०० युनिटचं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० पर्यंत घेतलं, तर जातात ५० युनिट. हे जिवावर बेतू शकतं. कागदावर दोन्हीकडे "२० युनिट" एवढंच लिहिलेलं असतं, त्यामुळे वस्तू समोर ठेवल्याशिवाय चूक पकडता येत नाही. टोचायची जागाही दाखवा. रोज त्याच जागी टोचल्याने पोटावर गाठी येतात आणि त्या गाठींमधून इन्सुलिन कधी कमी, कधी जास्त शोषलं जातं.

रक्त कधी द्यायचं, कसं द्यायचं

शक्य असेल तर तपासण्या भेटीच्या दोन-तीन दिवस आधी करा आणि रिपोर्ट हातात घेऊनच जा. म्हणजे भेटीची मिनिटं "रिपोर्ट आला की दाखवा" यात संपत नाहीत. दवाखान्यात रिकाम्या पोटी अकरापर्यंत रांगेत बसण्याची वेळही येत नाही.

फास्टिंगसाठी निदान आठ तास पोटात काही नको. साधं पाणी चालतं, चहा नाही. रक्त देईपर्यंत मधुमेहाची सकाळची गोळी किंवा इन्सुलिन घेऊ नका. रक्त दिल्यावर मात्र नेहमीचं औषध घ्या, नेहमीचाच नाश्ता करा आणि पहिल्या घासापासून दोन तास मोजून दुसऱ्यांदा रक्त द्या. बरेच जण या पीपीच्या, म्हणजे खाल्ल्यानंतरच्या तपासणीच्या वेळी औषध घेत नाहीत. औषध चालू असताना शुगर किती राहते, हेच तर त्यात बघायचं असतं. रक्तदाबाची गोळी सहसा पाण्याबरोबर नेहमीच्या वेळी घेता येते, एकदा डॉक्टरांना विचारून ठेवा. ती चुकवून दवाखान्यात गेलात, की बीपी वाढलेलं दिसतं आणि त्याचाही डोस विनाकारण वाढतो.

तपासणीच्या आधी दोन दिवस भात सोडून, गोड बंद करून शुगर छान आणायचा मोह अनेकांना होतो. फास्टिंग आणि पीपी त्याने थोडे कमी येतील. एचबीए१सी कमी येणार नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांच्या हिमोग्लोबिनला जी साखर चिकटते, ती ही चाचणी मोजते. म्हणून तिला तीन महिन्यांची शुगर म्हणतात. उपाशी राहावं लागत नाही, दिवसा कधीही रक्त देता येतं. ७ टक्के म्हणजे सरासरी शुगर साधारण १५४, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. बऱ्याच प्रौढांसाठी ७ च्या खाली हे लक्ष्य असतं. वय जास्त असेल, हृदयाचा आजार असेल किंवा शुगर वारंवार घसरत असेल, तर डॉक्टर मुद्दाम थोडं वरचं लक्ष्य ठेवतात. तुमचं लक्ष्य किती, ते विचारून फाईलवर लिहा. शेजाऱ्यांचं ६.५ आलं म्हणून आपणही तिथे पोचायलाच हवं, असं नाही.

या चाचणीचीही एक मर्यादा आहे आणि महाराष्ट्रात ती विशेष लक्षात ठेवायला हवी. लोहाच्या कमतरतेने झालेल्या पंडुरोगात, जो आपल्या बायकांमध्ये फार आढळतो, एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं. नंदुरबारमध्ये आणि गडचिरोलीसह विदर्भातल्या काही भागांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. त्यात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे हा आकडा फसवा कमी येतो. हिमोग्लोबिन कमी असेल किंवा घरात सिकलसेल असेल, तर रिपोर्ट दाखवताना हे आठवणीने सांगा.

घरची वही

रोज सकाळी फक्त फास्टिंग मोजून पानंच्या पानं भरलेली वही डॉक्टरांच्या फार कामाची नसते. भेटीच्या आधीच्या आठवड्यात दोन-तीन दिवस निवडा आणि त्या दिवशी जोड्या मोजा: नाश्त्याआधी आणि नंतर दोन तासांनी, जेवणाआधी आणि नंतर दोन तासांनी. स्ट्रिप महाग असतात, म्हणून थोड्या पण कामाच्या जागी वापरा. आकड्याशेजारी काय खाल्लं ते लिहा. "पोहे, एक वाटी, दुपारी २१०" यातून जे कळतं, ते नुसत्या २१० मधून कळत नाही. मोजण्याआधी हात साबणाने धुवून कोरडे करा. आंबा चोखलेल्या बोटाला टोचलं, तर मीटर आंब्याची साखर दाखवेल.

शुगर ७० च्या खाली गेलेली प्रत्येक वेळ स्वतंत्र लिहा: दिवस, वेळ, आधी काय खाल्लं होतं, काय खाऊन बरं वाटलं. मीटर नसेल तर लक्षणं लिहा. रात्री कपडे घामाने भिजणं, वाईट स्वप्नं, सकाळी उठल्यावर डोकं जड, ही रात्री शुगर घसरल्याची खूण असू शकते. डॉक्टरांसाठी ही माहिती वाढलेल्या शुगरइतकीच महत्त्वाची आहे, आणि ती आपणहून क्वचितच कुणी सांगतं.

मुलांकडे परदेशी जाणाऱ्या आईवडिलांसाठी एक गोष्ट. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात शुगरचं माप वेगळं आहे. तिथल्या मीटरवर ८ दिसलं, तर १८ ने गुणा: आपल्याकडचे १४४. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात एचबीए१सीही वेगळ्या मापात लिहितात, आपलं ७ टक्के म्हणजे तिथलं ५३. परत आल्यावर तिथले कागद इथे दाखवताना हे सांगितलंत, तर गोंधळ टळेल.

पाय, डोळे, लघवी

शुगरच्या आकड्यांच्या गडबडीत वर्षाच्या तपासण्या मागे पडतात. त्या डॉक्टरांना आठवण करून मागून घ्याव्या लागल्या, तरी संकोच करू नका.

पायांपासून सुरुवात करा. नंबर लागायच्या आधीच बूट-मोजे काढून बसा, म्हणजे डॉक्टरांची नजर पायांवर जाईलच. घरी तळव्याखाली आरसा धरून भेगा, फोड, बोटांच्या बेचक्यातला ओलसरपणा बघून ठेवा. चालताना पायातून चप्पल निसटून मागे राहते आणि पायाला कळतही नाही, असं होत असेल तर हे पहिल्याच वाक्यात सांगा. पायाची संवेदना गेल्याची ही स्पष्ट खूण आहे. दवाखान्यात एका बारीक नायलॉनच्या तंतूने तळव्याला स्पर्श करून संवेदना तपासतात. मुंग्या आणि जळजळ मात्र दर वेळी शुगरमुळेच असते असं नाही. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये बी १२ कमी होतं, शाकाहारी माणसात आणखीच, आणि त्यानेही पायांना मुंग्या येतात. ते तपासायला हवं का, विचारा.

मूत्रपिंडासाठी नुसती रक्तातल्या क्रिएटिनिनची तपासणी पुरत नाही. क्रिएटिनिन वाढेपर्यंत बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. त्याच्या कितीतरी आधी लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन सूक्ष्म प्रमाणात जाऊ लागतं. ते पकडणारी लघवीची तपासणी वर्षातून एकदा व्हायला हवी. साध्या लघवीच्या रिपोर्टमध्ये ते निसटतं. ताप किंवा लघवीला जळजळ असताना ही तपासणी करू नका, आकडा उगाच वाढलेला येतो.

डोळ्यांचा पडदाही वर्षातून एकदा, नजर अगदी स्वच्छ असली तरी. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसतं, म्हणून त्या दिवशी स्वतः दुचाकी चालवत जाऊ नका. शुगर फार वरखाली होत असताना चष्म्याचा नंबरही बदलतो, तेव्हा नवा चष्मा करायची घाई नको.

कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दलही इथेच सांगते. "रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून बंद केली" हे फार ऐकू येतं. रिपोर्ट नॉर्मल आला तो त्या गोळीमुळे. बंद करायची असेल तर विचारून करा.

काही गोष्टी तोंडाने बोलवत नाहीत. लैंगिक अडचण, खाजगी जागेची खाज, उदास वाटणं, रात्रीतून चार वेळा लघवीला उठणं. त्या चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी पुढे सरकवा. खाज तर चालू असलेल्या गोळीमुळेही असू शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात आणि त्यामुळे तिथे बुरशीचा संसर्ग होऊ शकतो.

पुढे काय येतंय तेही सांगा

डॉक्टर पुढच्या तीन महिन्यांचं औषध लिहून देतात, पण त्या तीन महिन्यांत काय आहे ते त्यांना माहीत नसतं. श्रावण, नवरात्र, दर पंधरवड्याची एकादशी, रमजानचे रोजे. उपवासाला सकाळपासून पोट रिकामं आणि मग ताटभर साबुदाण्याची खिचडी, म्हणजे शुगर आधी खाली आणि मग एकदम वर. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्या दिवशीच्या डोसचं काय करायचं, हे आधी विचारून लिहून घ्यावं. वर सांगितलेल्या साखर लघवीवाटे काढणाऱ्या गोळ्यांबद्दलही विचारा, कारण अन्नपाण्यावाचून राहिल्यास त्या धोक्याच्या ठरू शकतात.

वारीला जाणार असाल तर निघायच्या महिनाभर आधी दाखवा. वीसेक दिवस रोज मैलोन्मैल चालल्यावर शुगर कमी होते आणि नेहमीचा डोस जड होऊ शकतो. संवेदना गेलेल्या पायांनी अनवाणी चालणं हा तर थेट पाय गमावण्याचा रस्ता आहे. विठ्ठलाचं दर्शन चप्पल-मोजे घालून चालत गेल्यानेही घडतं.

उठण्याआधी

बोलायचं ते घरूनच लिहून न्या आणि सगळ्यात महत्त्वाचं वर ठेवा. दाराशी पोचल्यावर "आणि हो डॉक्टर, छातीत जरा..." असं व्हायला नको. घरात स्वयंपाक कोण करतं, इन्सुलिन कोण टोचतं, त्या सुनेला किंवा मुलाला सोबत न्या.

औषध बदललं तर तीन गोष्टी विचारा: जुनी कुठली बंद, नवी जेवणाआधी की नंतर, आणि तिने शुगर एकदम घसरते का. मग स्वतःच्या शब्दांत परत म्हणून दाखवा: "म्हणजे डॉक्टर, सकाळची तीच, रात्रीची बंद आणि ही नवी दुपारच्या जेवणाबरोबर, बरोबर?" ऐकण्यात चूक झाली असेल तर ती तिथेच निघते. पुढची तारीख आणि त्याआधी करायच्या तपासण्या फाईलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. दवाखाना सरकारी असेल तर तुमच्या भागातल्या आशाताईंना ही तारीख सांगून ठेवा.

पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, अशाही काही वेळा असतात. पायाला जखम, काळपटपणा किंवा सूज दिसली, तर त्याच दिवशी दाखवा. उलट्या होताहेत, खाल्लेलं टिकत नाही आणि शुगर ३०० च्या वर आहे, किंवा नजर अचानक गेली, तर थेट रुग्णालय गाठा. मधुमेहात हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो, त्यामुळे अचानक धाप, गार घाम आणि गळून गेल्यासारखं वाटणं हलक्यात घेऊ नका. शुगर घसरली आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा द्या. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काहीही घालू नका, एका कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.